जाड टायरच्या ई-सायकलला रिम कोणती घ्यावी?

हब मोटर बसवलेल्या चाकाचे स्पोक तुटायला लागले की पहिला आरोप मोटरवर येतो. ‘पॉवर जास्त आहे, ओढ सोसत नाही,’ असे मेकॅनिक सांगतो आणि मालकालाही ते पटते. मग बाजारातले सर्वांत जाड स्पोक आणून त्याच रिममध्ये भरले जातात. थोड्याच दिवसांत पुन्हा तीच तक्रार येते. कधी स्पोक टिकतो आणि रिमच भोकापाशी चिरते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात जाड टायरच्या ई-सायकली आता दिसू लागल्या आहेत. कुणी तयार घेतो, कुणी हाताशी असलेल्या फॅट बाइकला मोटरचे किट बसवून घेतो. बॅटरी किती चालेल, मोटर किती वॅटची, याची चौकशी सगळेच करतात. रिमची चौकशी मात्र बहुधा पहिला स्पोक तुटल्यावर सुरू होते आणि तोवर पैसे खर्चून झालेले असतात.

मोटरवरचा आरोप आधी हिशेबाला लावून पाहू. समजा, मोटर ६० न्यूटन-मीटर टॉर्क देते. मोठ्या हब मोटरच्या कडेला ज्या भोकांत स्पोक अडकतात, त्यांचा घेर साधारण २० सेंटीमीटर व्यासाचा धरू. म्हणजे दांड्यापासून १० सेंटीमीटरवर ओढ लागते आणि ती भरते ६०० न्यूटन, साठेक किलो. हा भार ३६ स्पोकांत वाटला जातो. निम्मे थोडे घट्ट होतात, निम्मे थोडे सैल. एकेकाच्या वाट्याला येतात दोन-तीन किलो. गिअरवाल्या छोट्या मोटरीत घेर लहान असल्याने वाटा जरा वाढतो, इतकेच. नीट भरलेल्या चाकातला स्पोक मुळात शंभर किलोच्या आसपास ताणलेला असतो. त्याला या दोन-तीन किलोंचे काय? मोटरच्या ओढीचा खरा त्रास होतो तो दांड्याला आणि फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो त्या खाचेला. तिथे दांडा फिरू नये म्हणून टॉर्क आर्म हवाच, तो टाळू नका. पण स्पोक तुटण्याचे खापर ओढीवर फोडता येत नाही.

मग स्पोक तुटतो कशाने? एक तर वजनाने. साध्या सायकलचे मागचे हब अर्ध्या किलोच्या आतबाहेर असते. गिअरवाली हब मोटर दोन-अडीच किलोपासून पुढे आणि आत गिअर नसलेली, थेट फिरणारी मोटर पाच ते सात किलोची. हे वजन चाकाच्या मध्यभागी टांगलेले असते. खड्डा आला की माणूस पॅडलवर उभा राहून अंग हलके करतो, मोटरला तसे करता येत नाही. रिम कडेवर आपटून थबकते आणि मोटरचे सगळे वजन स्पोकांवरून तिच्यावर येऊन पडते.

दुसरे कारण ढिलाई, आणि बहुतेक वेळा मुख्य कारण हेच असते. चाक फिरताना जमिनीकडच्या स्पोकांचा ताण दर फेऱ्याला थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. मुळात ताण भरपूर असेल तर हा चढउतार स्पोकला जाणवत नाही. ताण कमी असेल तर खालचे स्पोक दर फेऱ्याला पूर्ण सैल पडतात आणि पुन्हा झटक्याने ताणले जातात. २६ इंची जाड टायरचे चाक एका किलोमीटरला चारशेहून जास्त फेरे घेते. दादरहून गिरगावला जाऊन परत येईपर्यंत प्रत्येक स्पोकला असे हजारो झटके बसतात. लोखंडी तार एका जागी पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तसाच हा स्पोक तुटतो. त्यासाठी मोठा धक्का लागत नाही.

जाड स्पोकांचा उपाय उलटतो तो इथेच. १४ गेजचा स्पोक २ मिलिमीटर जाडीचा, १३ गेजचा साधारण २.३ आणि १२ गेजचा साधारण २.६. बारा गेजच्या स्पोकचा छेद चौदा गेजच्या जवळजवळ पावणेदोनपट भरतो. तो तितकाच ताणून बसवायचा तर ताणही पावणेदोनपट द्यावा लागेल, आणि तेवढा ताण सायकलची रिम घेत नाही. भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो, मग चिरतो. म्हणून मेकॅनिक रिमला झेपेल इतकाच ताण देतो. त्या ताणात जाड स्पोक फारसा ताणलाच जात नाही आणि रिमने जरा अंग चोरले की सैल पडतो. दिसायला दणकट असलेले चाक पाचव्या दिवशी खुळखुळायला लागते ते यामुळे. माझे मत स्पष्ट आहे: सायकलच्या रिममध्ये १३ गेजच्या पुढे जाऊ नये. डोक्याकडे १३ आणि पुढे १४ असा निमुळता स्पोक मिळाला तर तो सर्वांत उत्तम. बारा गेज मोपेड-मोटरसायकलच्या रिमसाठी ठेवावा.

तिसरे कारण कोनाचे. साध्या हबचा घेर लहान, म्हणून स्पोक लांब असतो आणि रिमच्या भोकात जवळजवळ सरळ शिरतो. मोटरचा घेर मोठा, स्पोक आखूड. साध्या सायकलच्या सवयीने प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना ओलांडून भरला, तर तो रिमकडे तिरपा पोचतो, रिमच्या भोकातल्या निपलच्या तोंडाशी वाकतो आणि आटे सुरू होतात तिथे तुटतो. तुटलेला स्पोक फेकून देण्याआधी हातात घेऊन बघा. हबकडच्या वळणावर तुटला असेल तर बहुधा तो सैल होता. निपलपाशी तुटला असेल तर बहुधा कोन चुकला आहे. पहिल्या दोषाला रिम बदलून उपयोग नाही, चाक नव्याने ताणून घ्यावे लागेल. दुसऱ्याला भरण्याची पद्धत बदलावी लागते आणि कधी रिमही.

रिमच बदलायची किंवा नवी घ्यायची झाली, तर ती मुळात कशासाठी बनली आहे हे लक्षात घ्या. जाड टायरच्या सायकली बर्फ आणि वाळूसाठी जन्माला आल्या. अमेरिकेतल्या सर्ली कंपनीने २००५ साली पग्स्ली ही सायकल बाजारात आणली आणि हा प्रकार जगभर पसरला. तिची रिम ६५ मिलिमीटर रुंद होती. पुढे बर्फात आणखी तरंगता यावे म्हणून रिम १०० मिलिमीटरपर्यंत रुंदावल्या आणि वजन वाढू नये म्हणून त्यांना खिडक्या पाडल्या गेल्या. मऊ जमीन, टायरमध्ये नाममात्र हवा आणि पॅडल मारणारा माणूस, एवढ्यासाठी ती रचना ठीक आहे. आपल्याकडे जमीन कडक आहे, तिला कडा आहेत आणि हबमध्ये चार-पाच किलोची मोटर आहे. मूळच्या फॅट बाइकची रिम तशीच ठेवून मोटर बसवणे म्हणजे वेगळ्याच कामाची वस्तू वापरणे आहे.

आपल्या शहरातच याहून चांगला धडा आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली डबेवाल्यांची सेवा आजही ज्या काळ्या रोडस्टर सायकलींवर चालते, त्यांची चाके दादर किंवा ग्रँट रोड स्टेशनबाहेर उभे राहून निरखा. तीस-चाळीस डब्यांचा भार हँडलला आणि कॅरिअरला लटकलेला असतो. या जुन्या इंग्रजी धाटणीच्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ स्पोक असतात आणि मागच्याला ४०. रिम पोलादी. वजन मागे जास्त, म्हणून मागे आठ स्पोक जास्त, इतका सरळ विचार त्यामागे आहे. स्पोक मात्र साध्याच जाडीचे. भार वाढला तेव्हा त्या सायकलींनी स्पोक जाड केले नाहीत, संख्येने वाढवले. हब मोटरच्या चाकालाही हाच नियम लागू पडतो.

म्हणून रिम हातात आली की पहिली गोष्ट करायची ती भोके मोजायची. बाजारातल्या बहुतेक हब मोटरी ३६ भोकांच्या असतात आणि तयार फॅट बाइकच्या बहुतेक रिम ३२ भोकांच्या. मोटरची चार भोके रिकामी सोडून ३२ च्या रिममध्ये भरून देतो, असे कुणी म्हणाले तर नकार द्या. ताण सगळीकडे सारखा बसत नाही आणि चाक त्या चार जागांपाशी सतत आउट निघत, म्हणजे डावी-उजवीकडे लहरत, राहते. मोटर ३६ ची तर रिमही ३६ ची. ती लगेच मिळाली नाही तर मागवा आणि थांबा.

दुसरे, रिम दोन भिंतींची आहे का ते बघा. टायरच्या बाजूने आत डोकावले की कळते. दोन भिंती असतील तर वर मोठे भोक दिसते, निपल त्यातून खाली जाऊन आतल्या भिंतीवर बसते आणि दोन भिंतींमध्ये पोकळी असते. एकाच भिंतीची रिम असेल तर निपलचे डोके समोरच, टायरच्या तळाशी दिसते. ॲल्युमिनियमची एकेरी रिम हब मोटरला घेऊच नका, ती कितीही रुंद आणि झळझळीत असली तरी. मग खिडक्या. दोन स्पोकांच्या मध्ये चौकोनी किंवा लांबट भोके पाडून आतली रंगीत पट्टी दिसेल अशी सजावट बऱ्याच फॅट रिमना असते. दिसते छान, पण धातू काढला तो काढलाच. शिवाय त्या खिडकीतून पावसाचे पाणी आणि रस्त्याची रेव आत शिरते. मोटर बसवायची असेल तर बिनखिडकीची रिम घ्या. मिळतच नसेल तर निदान खिडकी आणि स्पोकचे भोक यांत भरपूर अंतर असलेली घ्या.

रुंदीचा मोह आवरावा. चार इंची टायरला ६५ ते ८० मिलिमीटरची रिम पुरते. १०० मिलिमीटरची रिम टायरला चपटा करते, टायरच्या कडा बाहेर येतात आणि रिमची धार जमिनीच्या जवळ जाते. बर्फात त्याचा फायदा असेल, चिंचपोकळीच्या रस्त्यावर तोटाच आहे. अरुंद रिमला त्याच वजनात जाड भिंत मिळते, हाही हिशेब आहे.

आकाराची गल्लत सर्वांत महाग पडते. सायकलचे ‘२६ इंच’ हे टायरच्या बाहेरचे ढोबळ माप. फॅट बाइकच्या २६ इंची रिमचे टायर बसायच्या जागी खरे माप ५५९ मिलिमीटर असते आणि घडीच्या सायकलींना येणाऱ्या २० इंची जाड टायरचे ४०६ मिलिमीटर. हे आकडे टायरच्या बाजूवर छापलेले असतात, रिमवरही बहुधा असतात. दुकानात ‘छब्बीस का रिम’ मागू नका, कारण २६ इंचात एकमेकांना न बसणारी बरीच मापे आहेत. आकडा सांगा. नवीच सायकल घ्यायची असेल आणि उंची आड येत नसेल, तर शहरासाठी मी २० इंची चाकाच्या बाजूने आहे. स्पोक आखूड, रिमचा घेर लहान, म्हणून चाक जात्याच कणखर. चाळीच्या जिन्यावरून वर नेताना हातालाही सोपे. कोनाचा प्रश्न मात्र त्यात आणखी तीव्र होतो, तो कसा सोडवायचा ते पुढे येतेच.

रिम बघताना आणखी एक गोष्ट फार कमी लोक तपासतात: भोके सरळ पाडली आहेत की कलती. रुंद रिममध्ये भोकांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. चांगल्या रिममध्ये ती भोके हबच्या दिशेने किंचित कललेली असतात, म्हणजे निपल आपोआप योग्य बाजूला तोंड करून बसते. एक निपल घालून, त्यात स्पोक फिरवून, तो कुठे रोखतो ते बघा. भोकाची कड बोटाने चाचपा. तिथला पत्रा बाकीच्या रिमपेक्षा जाड लागला किंवा त्यावर धातूची कडी ठोकलेली असली तर उत्तम. कडी नसेल तर निपलखाली गोलसर वायसर घालता येतो. वायसरमुळे निपलला मान वळवायला जागा मिळते आणि भार भोकाच्या कडेवर न पडता पसरतो. खर्च थोडा आणि उपयोग फार, अशी ही वस्तू आहे.

फॅट बाइकच्या रिमला ब्रेक घासायची कड नसते, तिथे डिस्क ब्रेकच लागतो. मोटरला डिस्क बसवायची सोय आहे ना, हे किट घेतानाच पाहून घ्या.

ओतीव चाकांबद्दल बरेच जण विचारतात. स्पोकच नाहीत, मोटर आणि रिम एकाच धातूची, आउट निघायचा प्रश्नच नाही. घडीच्या २० इंची ई-सायकलींना अशी चाके येतात. देखभाल नको असणाऱ्याला ती सोयीची आहेत हे मान्य. पण ती जड असतात, धक्का जिरवत नाहीत, आणि कड दुमडली किंवा दांडीला तडा गेला तर दुरुस्ती नाही. मोटरसकट सगळे चाक बदलावे लागते. स्पोकच्या चाकात रिम गेली तर रिम बदलते, मोटर वाचते. आपल्या रस्त्यांवर रिम कधी ना कधी जाणारच, म्हणून मी स्पोकचे चाक पसंत करतो.

या रस्त्यांबद्दल चार शब्द. मेट्रो ३ च्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतले रस्ते वर्षानुवर्षे खोदलेले होते. त्यानंतर महापालिकेच्या काँक्रिटीकरणाने शहरभर चर आणि अर्धवट पट्टे आणले. खड्ड्याच्या उतारापेक्षा रिमला घातक असते ती उभी कड: नव्या काँक्रिटचा पट्टा जिथे जुन्या डांबराला भिडतो ती पायरी, खचलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेले गटाराचे झाकण. जाड टायर सगळे सोसतो या भरवशावर लोक या कडांवर वेग कमी करत नाहीत. टायर सोसतो तो त्यात हवा असेपर्यंतच. हवा कमी असेल तर टायर चेपून रिमची धार थेट कडेवर बसते, ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात आणि रिमला खोक.

म्हणून हवा. आणि इथे उलटी चूकही तितकीच घडते. पेट्रोल पंपावर मोटरसायकलच्या सवयीने तीस-पस्तीस पीएसआय भरले जातात. जाड टायरला वीस पीएसआय म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण रिमवर टायर किती ओढ देतो हे हवेचा दाब आणि टायरची रुंदी या दोन्हींवर ठरते. २५ मिलिमीटरच्या रेसिंग टायरमध्ये १०० पीएसआय भरले तर टायरच्या कापडात दर मिलिमीटरला साडेआठ न्यूटनच्या आसपास ओढ येते. १०० मिलिमीटरच्या जाड टायरमध्ये २० पीएसआयलाच ती सातच्या जवळ जाते आणि ३० ला दहाच्या पुढे. म्हणजे तीस पीएसआयचा जाड टायर रेसिंग सायकलच्या टायरपेक्षा जास्त जोराने रिमच्या कडा फाकवतो. टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, तो ओलांडू नका. मागच्या चाकात मोटर आणि साधारण वजनाचा माणूस असेल तर पक्क्या रस्त्यावर १८ ते २२ पीएसआय योग्य पडतात. पुढच्या चाकात दोन-चार कमी चालतील. हवा स्वतःच्या पंपाने, काटा बघून भरा. अंगठ्याने दाबून जाड टायरचा अंदाज येत नाही.

पाऊस आणि खारा वारा हे आपल्याकडचे दोन जुने शत्रू. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हिंदमातापाशी साचलेल्या पाण्यातून सायकल ढकलत न्यावी लागते. दोन भिंतींमधल्या पोकळीत पाणी गेले की ते बाहेर यायला वाट हवी. रिमच्या आतल्या बाजूला निचऱ्याचे बारीक भोक आहे का ते पाहा. नसेल तर पावसाळ्यात कधीतरी टायर उतरवून रिम कोरडी करून घ्या. मरीन ड्राइव्ह किंवा गिरगाव चौपाटीच्या बाजूने रोजचे येणेजाणे असेल तर खारटपणा निपलपाशी काम करत राहतो. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसली की धातू खाल्ला जातोय हे समजा. स्पोक स्टेनलेस स्टीलचे आणि निपल पितळी घ्या. रंगीत ॲल्युमिनियमची निपल आकर्षक असतात, पण खाऱ्या हवेत ती अडकून बसतात आणि चावी लावली की त्यांचे कोपरे झिजतात. भरताना निपलच्या आट्यांना थोडे ग्रीस किंवा तेल लावायला मेकॅनिकला आवर्जून सांगा.

काळबादेवी रस्त्यावरच्या जुन्या सायकल दुकानांत साध्या रिम, स्पोक, निपल सहज मिळतात. जाड टायरची ३६ भोकांची रिम बहुतेक वेळा मागवावी लागते. मोटरच्या वायरी, कनेक्टर, कंट्रोलरसाठी लॅमिंग्टन रोड आहेच. मोजमापासाठी एक साधा व्हर्निअर नागदेवी स्ट्रीटवरून घेऊन ठेवा. मागवण्याआधी कागदावर लिहून काढा: भोकांची संख्या, ५५९ की ४०६, रिमची रुंदी, मोटरच्या भोकांच्या घेराचा व्यास, दोन्ही बाजूंच्या भोकांमधले अंतर. स्पोकची लांबी या मापांवर ठरते. रिम हातात येण्याआधी स्पोक मागवू नका. कारण रिमच्या आतल्या व्यासात, निपल जिथे टेकते तिथल्या मापात, कंपनीगणिक फरक असतो आणि स्पोक चार मिलिमीटरने जरी चुकला तरी एक तर आटे अपुरे पकडतात, नाही तर टोक निपलबाहेर येऊन ट्यूबला टोचते.

कायद्याचा मुद्दा रिमशी थेट जोडलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २ (यू) प्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तरच अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टरही हवा. हजार वॅटचे किट बसवले की तुम्ही नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन रस्त्यावर आणता. अपघात झाल्यास त्याचे परिणाम गंभीर आहेत. मर्यादेतली मोटर हलकी असते, वेग कमी असतो, आणि दोन भिंतींची, ३६ भोकांची चांगली रिम तिला वर्षानुवर्षे पुरते. सात किलोच्या मोटरवर चाळीसच्या वेगाने जायचे असेल तर सायकलच्या रिमची आशा सोडा आणि नोंदणी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचा माणूस: चाक भरणारा. मध्यम प्रतीची रिम जाणत्या हाताने भरली तर टिकते, महागडी रिम घाईत भरली तर टिकत नाही. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. त्याला चार गोष्टी विचारा. स्पोक किती ओलांडून भरणार? २६ इंचाला एक, असे उत्तर हवे. २० इंचाला मोठी मोटर असेल तर एकही न ओलांडता, हबमधून सरळ रिमकडे, असेही चालते, कारण ओढीचा हिशेब आपण वर पाहिलाच. भरून झाल्यावर स्पोक जोडीजोडीने मुठीत आवळून बसवणार का? न आवळलेल्या चाकात स्पोक पहिल्या दिवशी रस्त्यावर ‘टिंग टिंग’ करत जागेवर बसतात आणि सैल पडतात. ताण सगळीकडे सारखा आहे हे कशाने पाहणार? ताणमापक असेल तर उत्तमच, नसेल तर एकेका स्पोकवर चावी वाजवून आवाज ऐकायचा. एका बाजूच्या सगळ्या स्पोकांचा सूर जवळपास सारखा हवा. डाव्या-उजव्या बाजूंच्या सुरांत फरक असू शकतो, कारण मागच्या चाकात फ्रीव्हीलसाठी हब एका बाजूला सरकलेले असते. आणि शेवटी, आठवड्याभराने चाक पुन्हा तपासून देणार का? हो म्हणणाराच माणूस निवडा. नवे चाक शंभरेक किलोमीटर चालले की एकदा सगळे स्पोक पुन्हा ताणून घ्यावेच लागतात. त्यानंतर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा पुरते.

आउट काढण्याच्या नादात एक घोटाळा नेहमी होतो. रिम धक्क्याने खरोखर वाकलेली असते आणि मेकॅनिक ती स्पोकांनी ओढून सरळ करतो. चाक फिरवून दाखवले की सरळ दिसते. पण वाक आलेल्या जागी एका बाजूचे स्पोक कमालीचे घट्ट आणि दुसऱ्या बाजूचे सैल झालेले असतात. असे चाक थोडेच दिवस टिकते. दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडचा आउट असेल तर स्पोक सैल करून, रिम सुटी करून पाहायला सांगा. सुटी रिम काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवली की वाकली आहे की नाही ते दिसते. कड थोडी दुमडली असेल तर ती सरळ करून चालवता येईल. सगळी रिमच मुरडली असेल तर ती भंगारात द्या.

धुताना दर वेळी भोकांकडे बघायची सवय लावा. भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ, निपलभोवती वर उचललेला पत्रा, रिमच्या जोडाजवळ पडलेली फट, हातात जाणवणारा कडेचा फुगवटा. यातले काहीही दिसले तर रिम संपली. ती वेल्ड करता येत नाही आणि शेजारचे स्पोक सैल करून ‘अजून थोडे दिवस’ चालवताही येत नाही. पुढच्या चाकात अशी चीर दिसली तर त्याच दिवशी सायकल उभी करा, बॅटरी काढून ठेवा आणि नवी रिम येईपर्यंत बेस्टने जा.